सीलबंद डब्याची सबब

उरण तालुक्यांत मोरा येथील भातकऱ्यानें खोडकिडीवर औषध फवारावें आणि डब्यावरचें लेबल खोटें निघावें, असा प्रसंग आल्यास ‘डबा सीलबंद होता’ एवढ्या सबबीवर दुकानदार सुटत नाहीं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या ३० व्या कलमान्वयें त्यानें तीन गोष्टी सिद्ध केल्या पाहिजेत : माल परवानाधारकाकडूनच घेतला, वाजवी दक्षता घेऊनही दोष कळणें शक्य नव्हतें, साठवण योग्य होऊन माल मूळ स्थितींतच राहिला.

तथापि पुराव्यावांचून कायदा पांगळा. निरीक्षक विक्रीच्या सांठ्यांतून नमुना घेऊन त्याचे तीन भाग मोहोरबंद करतो. फोडलेला डबा त्या कामीं पुरा पडत नाहीं. म्हणून बॅच नंबर लिहिलेली पावती घ्यावी आणि त्याच बॅचचा माल दुकानांत शिल्लक आहे तोंच कृषि खात्यास लेखी कळवावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.