चांदणे नको असलेली रात्र

गेल्या वर्षी कोजागिरीला आमच्या धाराशिवात गच्चीवर दूध आटत होते, आणि नेमका चंद्र ढगाआड गेला. मुले हिरमुसली. शेजारचे काका हाडाचे शेतकरी. ते म्हणाले, "पडू द्या की! ज्वारीला बरंच होईल." मला मात्र ढगांची निराळ्याच कारणाने वाट पाहणारी माणसे आठवली.

पहिल्या महायुद्धात निजामाने ब्रिटनला एका तुकडीची विमाने देणगी दिली. ती ११० क्रमांकाची तुकडी 'हैदराबाद' नावाने ओळखली जाई. आमचा जिल्हा तेव्हा निजामी राज्यातच होता. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटन युद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, या तुकडीची पाच विमाने जर्मन युद्धनौकांवर गेली. ढग अगदी खाली उतरले होते. त्यांच्या आडून ती अचानक पुढे ठाकली आणि एकच विमान गमावून परतली. मागाहून दुसऱ्या तुकडीची पाच विमाने आली. तोवर तोफा सावध झाल्या होत्या, चार पडली.

पुढे हल्ले रात्रीचे होऊ लागले, तरी ढगांची गरज सरली नाही. ३० मार्च १९४४ च्या रात्री ७९५ ब्रिटिश विमाने न्यूरेंबर्गकडे निघाली. वाटेवर ढगांचे पांघरूण मिळेल, असा अंदाज होता. टेहळणी विमानाने ते मिळणे कठीण असल्याचे कळवले, तरी बेत बदलला नाही. आकाश निरभ्र, वर अर्धा चंद्र. एरवी फार उंचावर उमटणारे इंजिनांच्या वाफेचे पांढरे पट्टे त्या रात्री कमी उंचीवरच उमटले. जर्मन लढाऊ विमानांना जणू वाटच आखून मिळाली. वाऱ्याने कित्येकांना भरकटवले. त्यांनी श्वाइनफुर्टवरच बॉम्ब टाकले. आणि जिथे ढग नको होते, त्या न्यूरेंबर्गवर ते दाटले होते! ९५ विमाने परतली नाहीत. ५४५ वैमानिक व त्यांचे सोबती मेले. एका रात्रीत एवढी हानी ब्रिटिश बॉम्बफेक्या दलाने युद्धभरात दुसऱ्यांदा सोसली नाही.

बहुतेक जण विशी-बाविशीचे, माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांएवढे. आणि खाली, दिवे मालवून बसलेल्या घरांतही माणसेच होती. आपण दिवाळीची अमावास्या दिव्यांनी उजळतो. ती पोरे अमावास्येसारखा काळोख मागत होती.

एवढ्यात चंद्र बाहेर आला. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी काही बोललो नाही. दुधाचे पेले भरायला घेतले.