लावणीच्या बाडांतील ‘चाल’

जुन्या बाडांत लावण्या व पोवाडे आढळले म्हणजे रचनेच्या मध्येंच, दोन्हीं बाजूंस दंड घालून, ‘चाल’ एवढाच शब्द लिहिलेला दिसतो. संस्कृत वृत्तांवर पोसलेल्या दृष्टीस तो निरर्थक वाटतो. प्रस्तुत लेखकानें पूर्वीं एका बाडाची नक्कल करतांना तो सर्वत्र गाळला, आणि वर ऱ्हस्वदीर्घहि व्याकरणाप्रमाणें शुद्ध केले. पुढें ती नक्कल एका वृद्ध ढोलकीवाल्यापुढें वाचली, तेव्हां त्यास एकहि लावणी धरतां येईना.

याचें कारण असें कीं, श्लोक अक्षरगणांवर उभा असतो, लावणी आवर्तनावर. कै. माधवराव पटवर्धन यांनीं ‘छंदोरचना’ ग्रंथांत (१९२७, सुधारलेली आवृत्ति १९३७) आवर्तनांस सुंदर नांवें दिलीं आहेत : षट्पद भृंगावरून सहा मात्रांचें भृंगावर्तन, सप्तजिह्व अग्नीवरून सातांचें अग्न्यावर्तन, अष्टदल कमलावरून आठांचें पद्मावर्तन. लावणीचा मोठा भाग पद्मावर्तनी होय. नर्तकीचें पाऊल व ढोलकीची थाप याच आठांवर पडते.

आतां एक ओळ चौदा मात्रांची आहे असें समजा. दोन आवर्तनांस सोळा हव्यात. तेव्हां कागदावर ती उणी दिसते. परंतु गातांना पहिल्या दोन मात्रा थापेपूर्वीं उच्चारल्या जातात, नंतर आठ, नंतर चार. उरलेल्या चारांपैकीं दोन शेवटचें अक्षर लांबवून भरतात आणि दोन पुढील ओळीच्या आरंभास मिळतात. येथें एखादें ऱ्हस्व अक्षर दीर्घ केलें कीं थाप चुकलीच. लेखनिकाची ‘अशुद्धि’ ही बहुधा गाणाऱ्याच्या कानाची साक्ष असते.

‘चाल’ हा शब्द ओळींची लांबी व स्वरांची वळणें जेथें बदलतात ती जागा दाखवितो. तेथून गाणें पुन्हां पालुपदावर येतें. शब्द थांबतात, ढोलकी दुगणींत जाते व नाच रंगतो. या शब्दहीन भागाचा बाडांत दुसरा मागमूस नसतो.

मात्रांवरून चाल मात्र ठरत नाहीं. संथ, विरहभावाची बालेघाटी आणि उडती छक्कड या दोन्हीं आठांतच बसतात. म्हणून लावणीच्या माथ्यावर दुसऱ्या एखाद्या लावणीची चाल म्हणून निर्देश असेल, तर सूचींत पहिल्या ओळीबरोबर तोहि जसाचा तसा नोंदवावा.

माझ्या नकलेंतील दोन लावण्या, पालुपद कोठें परततें हें ओळखून, पुन्हां जुळवितां आल्या. बाकीच्यांत ‘चाल’ कोठें होती तें मूळ बाडावांचून कळणें नाहीं. आणि तें बाड मालकाच्या घरच्या वांटणींत कोणाकडे गेलें, याचा अद्याप पत्ता लागलेला नाहीं.