रक्तस्राव आणि आवळपट्टी

अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालामुळे प्रसिद्ध असलेले चांदवड हे मुंबई-आग्रा महामार्गावर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेथून मालेगावकडे जाताना राहुड घाट लागतो. या घाटात अवजड वाहनांची सतत ये-जा असते व अपघातही घडतात. अशा ठिकाणी वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंत जखमी माणसाचे प्राण जवळ असलेल्या माणसाच्या हाती असतात.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी व ते परत आणणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. मोठी रोहिणी तुटली, तर रक्त उसळून वाहते आणि काही मिनिटांतच प्राणावर बेतते. म्हणून कोणास तरी १०८ क्रमांकावर कळविण्यास सांगावे आणि आपण स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबावी. बहुतेक रक्तस्राव एवढ्यानेच थांबतो.

हातापायाच्या जखमेतून दाबूनही रक्त थांबत नसेल, तर मात्र आवळपट्टी बांधावी. तिला टूर्निकेट म्हणतात. 'फिरविणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव पडले. १७१८ साली झां लुई पेती या फ्रेंच शस्त्रवैद्याने मळसूत्र फिरवून आवळता येणारी पट्टी तयार केली. आजच्या तयार पट्टीत बहुधा एक दांडी असते. ती फिरविली की पट्टी आवळली जाते.

तयार पट्टी नसेल, तर उपरण्याची दीड-दोन इंच रुंद घडी घ्यावी. तार किंवा सुतळी मांसात रुतते. ती वापरू नये. पट्टी जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूस, दोन-तीन इंच अंतरावर बांधावी. गुडघ्यावर किंवा कोपरावर नव्हे. गाठीत मजबूत काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यावा आणि काठी पक्की बांधावी. जखमी माणूस वेदनेने विव्हळेल, तरी पट्टी सैल करू नये. पट्टी सैल राहिली, तर वरवरच्या नीला दबतात. परंतु खोलवरची रोहिणी वाहतच राहते. रक्ताच्या परतीची वाट तेवढी बंद होते आणि रक्तस्राव उलट वाढतो.

पट्टी बांधल्याची वेळ लिहून ठेवावी व ती डॉक्टरांस सांगावी. पूर्वी पट्टी मधून मधून सैल करण्यास शिकवीत. आता ती रीत सोडून दिली आहे. साधारणतः दोन तासांपर्यंत अवयवास कायमची इजा होण्याची भीती थोडी असते. पट्टी सोडण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. सर्पदंशावर मात्र असा बंध कधीही बांधू नये.

मदत केल्यास पोलीस-कचेरीचे हेलपाटे मागे लागतील, या भीतीने अनेक जण दूर उभे राहतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्तास सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. म्हणून अशा प्रसंगी बघ्यांच्या गर्दीत उभे न राहता पुढे व्हावे. योग्य ज्ञान आणि धीर असलेले दोन हात एखाद्याचे प्राण वाचवू शकतात.