कुंडल रोड स्टेशनाजवळची वाडी

कराडहून मिरजेकडे निघालेली गाडी किर्लोस्करवाडीला थांबते, ते स्टेशन पूर्वी कुंडल रोड होते आणि भोवती निवडुंगाने माजलेला, नागांचा माळ. बेळगावच्या नगरपालिकेने विस्तारासाठी जागा सोडायला लावली, म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर आपला नांगरांचा कारखाना घेऊन १९१० साली इथे आले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. ही कथा आपल्याकडे एका माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, पण जिद्दीने कारखाना उभा राहतो, गाव शंभर वर्षे टिकत नाही. वाडी टिकली ती तिथला माल भोवतालच्या शिवाराला लागत राहिला म्हणून. तेही सहजासहजी घडले नाही. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली होती. नांगर रुजला, पाठोपाठ उसाचे चरक आले आणि पुढे पंप. शेतकऱ्याची गरज बदलली तशी ओतशाळाही बदलली. कराड स्टेशनाजवळच्या ओगलेवाडीकडे पाहिले की हा मुद्दा पटतो. तीही कारखान्याभोवती वसलेली वाडी, तीही रेल्वेच्या कडेची, आणि तिचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी टांगलेला. कर्तबगारीत ओगले बंधू उणे नव्हते. पण खेड्यात वीज आली आणि कंदील अडगळीत गेला. त्याच विजेने कृष्णाकाठी पंपाला मात्र नवे गिऱ्हाईक मिळवून दिले.

यावर आक्षेप येतो की घर मालकाचे, दुकान मालकाचे, तर असले गाव म्हणजे सोन्याचा पिंजराच. आक्षेप पोकळ नाही. शिकागोजवळ जॉर्ज पुलमनने रेल्वे-डब्यांच्या कामगारांसाठी देखणे गाव वसवले; मंदीत मजुरी कापली, घरभाडे मात्र कमी केले नाही, आणि १८९४ मध्ये संप भडकला. किर्लोस्करवाडीतही शेवटचा शब्द मालकाचाच. तरी शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती त्याच मालकाने वसाहतीचा पहारा दिला, आणि तोही जातीवरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा अंमलात असताना. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये इथूनच मासिक काढले, १९३० मध्ये 'स्त्री' सुरू केले. मालाची जाहिरात म्हणून जन्मलेले पत्रक अंधश्रद्धेशी भांडू लागले, हे धंद्याच्या हिशेबात बसणारे नव्हते. अर्थात मालकाचे औदार्य म्हणजे कामगाराचा हक्क नव्हे, एवढे मान्य करायलाच हवे.

माझ्या म्हणण्याला खरा अडसर आहे तो १९४८ चा. गांधीहत्येनंतर ब्राह्मणांविरुद्ध उसळलेल्या जाळपोळीत ब्राह्मण मालकाचा हा कारखानाही पेटवला गेला. शिवाराशी एवढे नाते होते, तर शिवारातून आग कशी आली? उत्तर सरळ आहे आणि सुखद नाही. नांगर विकत घेतल्याने जातीजातींतला साचलेला राग विझत नाही; बाजाराचे नाते तेवढे खोल जात नाही. पण दुसऱ्या बाजूने ते कुचकामीही नव्हते. तोवर किर्लोस्करांचे कारखाने हरिहर, पुणे, बंगळूर इथे उभे राहिले होते, म्हणजे वाडी सोडायला निमित्त होते आणि जागाही. तरी कारखाना तिथेच पुन्हा सुरू झाला. ओतकामाला सरावलेले हात आसपासच्या गावांतले होते आणि पंपाचे गिऱ्हाईकही तिथलेच. पंप आजही तिथे बनतात.