विचारसरणी आणि समाधान

विचारसरणी (समाजव्यवस्था कशी असावी याविषयीच्या सुसंगत मतांचा समुच्चय) माणसास सुखी वा दुःखी करते, असा समज पुष्कळांचा आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रिपब्लिकनांपैकी ४५, तर डेमोक्रॅटांपैकी ३० टक्के लोकांनी स्वतःस अतिशय सुखी म्हटले, हा दाखला त्यासाठी दिला जातो. परंतु हा सहसंबंध (दोन गोष्टी बरोबर आढळणे) आहे. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्या सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर छत्र्यांची गर्दी होते, त्या सकाळी लोकलही बहुधा उशिरा येते. तरी छत्र्यांनी गाडी अडवली असे कोणी म्हणत नाही, कारण दोहोंमागे पाऊस असतो. त्याच पाहणीत विवाहित व नियमित उपासना करणारे लोकही अधिक सुखी आढळले होते. हे सारे हिशेबात घेऊनही काही तफावत उरते, आणि तिच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

मला स्वतःला समाधानाचे मूळ विचारसरणीपेक्षा दुसरीकडेच दिसते. ठाणे नगरपालिकेत १९६७ साली शिवसेना विजयी झाली, तेव्हापासून शाखा (पक्षाचे वस्तीतील कार्यालय) हे ठाण्यातील नित्य दृश्य झाले. तेथील बाकावर सायंकाळी कोणा विधवेचा शिधापत्रिकेचा अर्ज लिहून देणाऱ्या कार्यकर्त्याच्या मुद्रेवर जे समाधान दिसते, ते मला तरी सिद्धांतापेक्षा आपली कोणास गरज आहे या जाणिवेतून आलेले वाटते. आणि कम्युनिस्टांच्या लाल बावट्याखाली गिरणी-कारखान्यांतील कामगारांचे तक्रारअर्ज लिहिणाऱ्यांच्या मुद्रेवरही मी तेच पाहिले आहे.