दिवा बदलला, पंखा तसाच राहिला

भारतात घरगुती वीजबचतीच्या सरकारी कार्यक्रमांचा विषय निघाला की पहिला दाखला एलईडी दिव्याचा दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या ‘उजाला’ योजनेतून 2025 च्या आरंभापर्यंत 36 कोटी 87 लाख दिवे घरोघरी पोहोचले, त्याच योजनेतून, त्याच यंत्रणेकडून आणि त्याच पद्धतीने विकायला ठेवलेले कमी विजेवर चालणारे पंखे मात्र 23 लाख 59 हजारांच्या पुढे गेले नाहीत, याकडे सहसा लक्ष जात नाही. एका पंख्यामागे दीडशेहून अधिक दिवे, असे हे प्रमाण आहे. पंखे मुळातच दिव्यांपेक्षा कमी लागतात हे मान्य केले तरी ते घरातल्या दिव्यांच्या दीडशेव्या हिश्शाइतके थोडे नसतात, आणि उन्हाळ्यात पंखा दिव्याहून कितीतरी अधिक तास चालतो. हा फरक लोकांच्या अनास्थेतून आलेला नसून वस्तू बदलण्याच्या प्रत्यक्ष कामातून आलेला आहे.

या कार्यक्रमांची मूळ अडचण जुनीच आहे. कमी वीज खाणारी वस्तू घेताना महाग आणि वापरताना स्वस्त असते, तर साधी वस्तू घेताना स्वस्त आणि वापरताना महाग असते. महिन्याच्या मिळकतीवर चालणारे कुटुंब साहजिकच घेतानाची किंमत पाहते. ही दरी बुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2009 मध्ये ‘बचत लॅम्प योजने’तून केला. ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 अन्वये मार्च 2002 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेने अशी आखणी केली की, ग्राहकाने चालू स्थितीतला पिवळा बल्ब द्यावा, 15 रुपयांत सीएफएल दिवा घ्यावा, आणि किमतीतला उरलेला फरक पुरवठादाराने कार्बन प्रमाणपत्रे विकून भरून काढावा. कार्बन प्रमाणपत्र म्हणजे वीज वाचल्यामुळे जितका कर्बवायू हवेत जायचा टळला त्याची नोंद असलेला, आंतरराष्ट्रीय बाजारात विकता येणारा दाखला. 2012 च्या सुमारास या दाखल्यांचे भाव कोसळले आणि योजनेचा आर्थिक पायाच निघून गेला. गावातल्या एका दिव्याची किंमत युरोपातल्या बाजारभावावर टांगून ठेवणे ही आखणीतली चूक होती, आणि तिची किंमत पुढे काही वर्षे मोजावी लागली.

‘उजाला’ने हा आधार सोडून दिला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील चार सार्वजनिक कंपन्यांनी मिळून 2009 मध्ये उभारलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड, अर्थात ईईएसएल, या कंपनीने 2014 मध्ये पुदुच्चेरीत प्रायोगिक वाटप केले आणि 5 जानेवारी 2015 रोजी योजना देशभर सुरू झाली. हिच्यात अनुदान नव्हते. होती ती घाऊक खरेदी. लाखोंच्या आणि पुढे कोटींच्या संख्येत निविदा काढायच्या, तांत्रिक अटी व तीन वर्षांची हमी आधीच ठरवून द्यायची, आणि मागणी इतकी मोठी ठेवायची की उत्पादकाला कारखाना वाढवणे परवडावे, अशी ती पद्धत होती. 2014 च्या आरंभी एका दिव्याचा खरेदीदर 310 रुपये होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांपर्यंत खाली आला. जगभर एलईडीच्या चकत्या स्वस्त होत होत्या, हे त्याचे एक कारण होतेच. पण इतकी घसरण इतक्या थोड्या काळात होण्यामागे एकाच मोठ्या खरेदीदाराचे वजन होते, आणि त्याचा परिणाम दुकानातल्या भावावरही झाला.

वाटपाची रीत तर मुद्दाम पाहण्यासारखी होती. वीज कंपनीच्या कार्यालयात, बिल भरण्याच्या केंद्रात किंवा चौकात मांडलेल्या टेबलावर ग्राहकाने अलीकडचे वीजबिल व ओळखपत्र दाखवायचे, ग्राहक क्रमांकावर नोंद करून घ्यायची आणि ठरलेल्या मर्यादेत दिवे घेऊन जायचे. रोख द्यायचे नसतील तर अनेक ठिकाणी दिव्यामागे 10 रुपये आधी आणि उरलेली रक्कम महिन्याला 10 रुपयांप्रमाणे बिलातून, अशी सोय होती. बिलातून वसुली म्हणजे कर्ज देणारा आणि वीज देणारा एकच, हप्त्यासाठी वेगळा कागद नाही, जामीन नाही, आणि वाचलेल्या विजेतूनच हप्ता फिटत असल्यामुळे बिलाचा आकडा वाढतही नाही. घरी गेल्यावर ग्राहकाला करायचे होते एवढेच, की जुना दिवा होल्डरमधून फिरवून काढायचा आणि नवा त्याच दोन पिनांवर बसवायचा. नवे होल्डर नको, तार नको, वायरमन नको. या योजनेवर बरेच लिखाण झाले आहे, परंतु तिच्या यशातला सर्वांत मोठा वाटा या न केलेल्या कामाचा आहे, ही गोष्ट त्यात क्वचितच येते.

उणिवा याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला दिसल्या. एलईडी दिव्यात प्रकाश देणारी चकती बहुधा टिकते; आधी जातो तो तिच्यामागचा ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे चकतीला लागणाऱ्या स्थिर, कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारा छोटा परिपथ. ग्रामीण भागात दाब सतत वरखाली होतो, पावसाळ्यात विजेचे झटके येतात, आणि बंद काचेच्या गोळ्यात बसवलेला दिवा तापतो, तेव्हा या परिपथातला संधारित्र (कपॅसिटर) आधी निकामी होतो. हमी तीन वर्षांची असली तरी वाटपाचे टेबल काही महिन्यांतच उठलेले असे, आणि 70 रुपयांचा दिवा बदलून घेण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाणे कुणाला परवडत नाही. अशा घरात पुढचा दिवा बाजारातल्या सर्वांत स्वस्त मालातून येतो आणि त्याच्या दर्जाची खात्री कोणीच देत नाही. मार्च 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्राम उजाला’ उपक्रमाने, ज्याच्या पहिल्या टप्प्यात आरा, वाराणसी व विजयवाड्याबरोबर नागपूर जिल्ह्याचा समावेश होता, पिवळा बल्ब परत घेऊन 10 रुपयांत दिवा देण्याची रीत पुन्हा आणली. तिच्यामागेही कार्बन प्रमाणपत्रांचाच आधार ठेवला गेला, हे आधीचा अनुभव पाहता धाडसच म्हणावे लागेल.

बचत किती झाली, या प्रश्नाचे सरकारी उत्तर वर्षाला 4,788 कोटी युनिट असे आहे. युनिट म्हणजे 1,000 वॅटचे उपकरण एक तास चालले तर लागणारी वीज. हा आकडा दिव्यांच्या संख्येने भागला की प्रत्येक दिव्यामागे वर्षाला सुमारे 130 युनिट येतात. 60 वॅटच्या जागी 9 वॅटचा दिवा आला तर दर तासाला 51 वॅट-तास वीज वाचते. म्हणजे 130 युनिटांसाठी प्रत्येक दिवा वर्षभर रोज सुमारे सात तास लागलेला असला पाहिजे, तो बंद पडलेला नसला पाहिजे, आणि त्याने पिवळा बल्बच हटवलेला असला पाहिजे. बैठकीच्या खोलीतल्या एखाद्या दिव्याला हे लागू पडेल. न्हाणीघरातल्या, जिन्यावरच्या किंवा ‘जास्तीचा असू द्यावा’ म्हणून फडताळात ठेवलेल्या दिव्याला ते लागू पडत नाही, आणि ज्याने 14 वॅटचा सीएफएल काढून हा लावला त्याची बचत 5 वॅटच होते. आकडा खोटा आहे असे यावरून म्हणता येत नाही, कारण योजनेमुळे बाजारभाव उतरून जे दिवे दुकानातून घेतले गेले ते या हिशेबात धरलेलेच नाहीत आणि ते फार मोठ्या संख्येने आहेत. म्हणता येते ते इतकेच की हा आकडा मीटरवर मोजलेला नसून गृहीतकांवर बांधलेला आहे. पुण्यातील ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने या योजनेचा अभ्यास केला आहे. पण असे काम योजनेचा नियमित भाग म्हणून घराघरांतल्या नमुन्यांवर, वर्षानुवर्षे व्हायला हवे होते.

आता पंखा. घरोघरी दिसणारा साधा पंखा प्रेरण मोटारीवर चालतो: स्थिर गुंडाळ्यांतील वीज फिरते चुंबकक्षेत्र निर्माण करते, ते फिरत्या भागात वीज प्रेरित करते, आणि या व्यवहारात बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. अशा जुन्या पंख्याला 75 वॅटच्या आसपास वीज लागते. नव्या बीएलडीसी पंख्यात फिरत्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात, गुंडाळ्यांतला प्रवाह इलेक्ट्रॉनिक परिपथ वेळच्या वेळी बदलत राहतो, आणि तितकाच वारा 28 ते 35 वॅटमध्ये मिळतो. रोज बारा तास आणि वर्षाचे 250 दिवस धरले तर 45 वॅटच्या फरकाने एका पंख्यामागे 135 युनिट वाचतात, आणि महाराष्ट्रात वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे ही बचत कुटुंबाच्या सर्वांत महाग टप्प्यातून होते.

पंख्याची पारख प्रयोगशाळेत होते ती पद्धत साधी पण चिकाटीची आहे. बंद चाचणी-खोलीत पंखा टांगून स्थिर विद्युतदाबावर बराच वेळ चालवतात, मोटार तापून वीजवापर स्थिरावला की पात्यांखाली ठरलेल्या अंतरावर मध्यापासून बाहेरच्या दिशेला एकेका बिंदूवर वाऱ्याचा वेग मोजत जातात, आणि त्यावरून मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलली गेली ते काढतात. या संख्येला वॅटने भागले की येते ते सेवामूल्य; ताऱ्यांची पट्टी यावरच ठरते. 1,200 मिलिमीटरच्या पंख्याला आज एका ताऱ्यासाठी किमान 4 आणि पाच ताऱ्यांसाठी किमान 6 सेवामूल्य लागते. 210 घनमीटर हवेसाठी पहिल्याचा अर्थ सुमारे 52 वॅट, तर दुसऱ्याचा 35 वॅट असा होतो. ‘उजाला’तून 1,110 रुपयांना विकला गेलेला 50 वॅटचा पंखा त्या वेळच्या पट्टीवर पाच ताऱ्यांचा होता; आजच्या पट्टीवर तो एका ताऱ्याचा ठरतो. तारे काळाबरोबर कडक होतात हे चांगलेच आहे, मात्र पट्टीवरचे वर्ष न वाचता केवळ तारे मोजणारा ग्राहक त्यात फसतो.

प्रयोगशाळेबाहेर पंखा बदलणे हे मात्र काम आहे. शिडी लागते, मुख्य कळ बंद करावी लागते, छताच्या हुकातून दांडी उतरवावी लागते, पाती सोडवून नव्या पंख्याची पाती समतोल बसवावी लागतात, आणि भिंतीवरचा रेग्युलेटर बीएलडीसी पंख्याशी जुळत नसेल तर तो काढून जोडणी थेट करावी लागते. वायरमनची मजुरी आणि त्याची वाट पाहण्यात गेलेली सुटी कोणत्याही योजनेच्या किमतीत धरलेली नाही. त्यात पंखा मरतही नाही. तो मंदावला तर संधारित्र बदलतात, मोटार जळली तर गल्लीतल्या दुकानात गुंडाळी भरून घेतात, आणि हलक्या तारेने भरलेली मोटार पूर्वीपेक्षा अधिक वीज खात असली तरी ते कुणाला दिसत नाही. नवा पंखा आलाच तर जुना आतल्या खोलीत किंवा गावच्या घरी लागतो, म्हणजे 75 वॅट हटत नाहीत, त्यांत 30 वॅटची भर पडते. भाड्याच्या घरात तर पंखा घरमालकाचा आणि बिल भाडेकरूचे असते, तेव्हा बदलण्याची गरज दोघांपैकी कुणालाच वाटत नाही.

धोरणकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ब्युरोने अतिकार्यक्षम पंख्यांसाठी उत्पादकांना थेट प्रोत्साहनरक्कम देण्याचा कार्यक्रम आखला होता. तो कागदावरून फारसा पुढे सरकला नाही. खरा फरक पडला तो 1 जानेवारी 2023 पासून, जेव्हा छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे झाले आणि सर्वांत उधळे पंखे नव्याने विकण्याची वाट बंद झाली. सक्तीने बाजारातला नवा माल सुधारतो. छताला आधीच टांगलेल्या पंख्यांना ती शिवत नाही.

घराच्या भिंती आणि छप्पर यांपर्यंत तर कार्यक्रम जेमतेम पोहोचले आहेत. डिसेंबर 2018 मध्ये आलेली ‘इको निवास संहिता’ भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी मर्यादा प्रति चौरस मीटर 15 वॅट ठेवते, पण ती मोठ्या भूखंडांवरील नव्या निवासी इमारतींपुरती आहे आणि तिची अंमलबजावणी राज्यांच्या अधिसूचनेवर व नगरपालिकांच्या नकाशा-मंजुरीवर अवलंबून आहे. विदर्भातल्या पत्र्याच्या घराशी तिचा संबंध येत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये ईईएसएलने 1 कोटी कार्यक्षम पंख्यांचा नवा कार्यक्रम जाहीर केला. त्यात जुना पंखा उतरवून परत घेणे, वायरमनची मजुरी किमतीतच धरणे आणि हप्ता वीजबिलातून वसूल करणे या तीन गोष्टी नसतील, तर तो एरवीही नवा पंखा घेणाऱ्यांना मिळालेली सवलत ठरेल. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतातच. पंख्याच्या हप्त्याची ओळ त्यांत घालायला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने 2010 मध्ये केलेल्या विनियमांनी वितरण कंपन्यांना ग्राहकांचा वीजवापर कमी करणारे कार्यक्रम आखून त्यांचा मान्य झालेला खर्च वसूल करण्याची मुभा दिली होती.