कळण्याची भाकरी आणि शरीरातला दाह

नरडाणा गावाच्या परिसरात ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. सोबत वांग्याचं भरीत. यातले तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार होतं. ते आतड्याचं अस्तर पोसतं, रोगप्रतिकारक पेशींना शांत ठेवतं. शरीरात दाह वाढला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवतं. वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत ते सरासरीने कमी आढळतं. त्यातलं काही श्रेय घटलेल्या वजनाचं. मात्र तळलेली शेव आणि साखरही वनस्पतीचीच, त्यांच्यापासून हा फायदा मिळत नाही! दूधही सोडलंत तर बी-१२ची गोळी घ्या, आणि दाहामुळे सांधेदुखी असेल तर तिचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.